एजंट हळूहळू मंदावतो, तेव्हा

प्रश्न : ८ अब्ज पॅरामीटरचं भाषा-मॉडेल ४ बिटमध्ये क्वांटाइझ करून (त्यातले आकडे कमी बिटांत साठवून) १२ जीबी मेमरीच्या जीपीयूवर एजंट, म्हणजे पायरीपायरीने काम करणारा एआय प्रोग्राम, चालवतो. सुरुवात झकास होते, पण दहा-पंधरा टूल कॉलनंतर (बाहेरचं साधन वापरण्याच्या विनंत्यांनंतर) प्रत्येक पायरी रखडते. आणखी लहान मॉडेल घ्यावं का?

उत्तर : इतक्यात नको. वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) साधारण ५ जीबीत मावतात. वाढत जातो तो केव्ही कॅशे, म्हणजे आधीच्या मजकुराचं मेमरीत साठवलेलं गणित. ३२ लेअर, ८ केव्ही हेड, हेडची मिती १२८ आणि १६ बिट अशी मॉडेलची रचना असेल, तर दर टोकनला (शब्दाला किंवा त्याच्या तुकड्याला) १२८ केबी, म्हणजे ३२ हजार टोकनांना सुमारे ४ जीबी लागतात.

पण आधी प्रॉम्प्टचा, म्हणजे मॉडेलला दिल्या जाणाऱ्या मजकुराचा, वरचा भाग तपासा. खरी गोम बहुधा तिथेच असते. तिथे चालू वेळ किंवा क्रम बदलणारी टूलची यादी असेल, तर प्रीफिक्स कॅशे (सुरुवातीच्या न बदललेल्या मजकुराचं पुन्हा वापरता येणारं गणित) तिथेच तुटतो आणि पुढचा सगळा मजकूर प्रत्येक पायरीला नव्याने मोजला जातो. बदलणारा मजकूर शेवटी न्या. टूलचं लांबलचक उत्तर संदर्भात (मॉडेलसमोरच्या मजकुरात) शिरण्यापूर्वीच छाटा. नंतर मधूनच काढलंत तर कॅशे पुन्हा मोडेल.

एवढ्यानेही जागा अपुरी पडली, तर केव्ही कॅशे ८ बिटचा करा, तो जवळपास निम्मा होतो. कॅशे ४ बिटवर उतरवण्याआधी मात्र टूल कॉलमधले आकडे आणि फाइलींची नावं बिनचूक येतात का, हे स्वतःच्या कामांवर पडताळा.