प्रदर्शनातली मातीची भिंत तडकली, तर ती कला की हलगर्जीपणा?

तुम्ही लिहिलंय की पणजीत एका प्रदर्शनात कच्च्या मातीची भिंत पाहिली. फलकावर अनित्यता, माणूस आणि भूमीचं नातं असं काहीबाही होतं, पण भिंतीला मधोमध बोटभर भेग आणि पायथ्याशी बुरशी. हे ठरवून करतात की न जमलेलं काम मोठ्या शब्दांखाली खपवतात, आणि तुमच्या वाचनालयाच्या माडीवर असं काही करता येईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर भेगेतच असतं. तळं आटल्यावर चिखलाला पडतं तसं बारीक, सारखं जाळं सगळ्या अंगभर दिसलं, तर मिश्रण आणि वाळण्याचा वेग कुणीतरी हातात ठेवला होता असं समजा. बाकी अंग गुळगुळीत आणि एकच रुंद उभी भेग, म्हणजे भिंत कुठेतरी अडकली होती. बुरशी तर बहुतेक वेळा घाईचीच खूण.

अडकली म्हणजे काय, तर माती वाळताना आकसते. कुंभारी चिकणमाती लांबीत साधारण 5 ते 8 टक्के. वाळू-पेंढा घातला की हे 2-3 टक्क्यांवर येतं. म्हणजे 3 मीटरच्या भिंतीत तरीही 6 ते 9 सेंटीमीटर कमी होणारच. खालचा थर लाकडाला चिकटला असेल तर तो हलत नाही, वरचा आकसतो, आणि भिंत मधोमध फाटते. म्हणून तळाशी ताडपत्री आणि तिच्यावर सेंटीमीटरभर कोरडी वाळू पसरायची. वाळूच्या कणांवरून भिंत सरकते.

हे आम्ही एकदा विसरलो. पणजीतल्याच एका दालनासाठी 3 मीटर लांब, दीड मीटर उंच, 20 सेंटीमीटर जाड भिंत घातली. डिचोलीकडची चिकणमाती एक भाग, धुतलेली जाड वाळू दोन भाग, बोटभर कापलेला पेंढा. मिश्रण बरोबर होतं, पण खाली थेट प्लायवुड. त्यात दालनातला एसी एकाच अंगावर झोत टाकणारा, दिवसा चालू, रात्री बंद. झोताकडची बाजू दोन दिवसांत पांढुरकी झाली, पाठीमागची बोट लावलं तर दबत होती. सुकं अंग आधी आकसलं, भिंत त्या बाजूला कलली, आणि चौथ्या सकाळी भेग. एसीसमोर ओली गोणपाटं टांगली असती आणि भिंत पहिले चार दिवस झाकून ठेवली असती तर निम्मं काम वाचलं असतं. प्लायवुडची चूक आमची होती.

त्यानंतर जे झालं त्यावर माझं मत आजही बदललेलं नाही. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. आयोजकांचं म्हणणं, लोकांना पडकं काम दाखवायचं नाही, मातीत फेव्हिकॉल कालवून भेग बुजवा. आम्ही नको म्हटलं, तरी रात्री कुणीतरी बुजवली. फेव्हिकॉलचा लेप वाळल्यावर रबरासारखा होतो, मातीबरोबर आकसत नाही आणि आतली ओल बाहेर येऊ देत नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी ठिगळ पापुद्र्यासारखं सुटलं आणि मागच्या पेंढ्यावर हिरवी-काळी बुरशी. भेग बुजवायचीच होती तर तीच माती थोडी जास्त वाळू घालून घट्ट मळायची, भेगेच्या कडा पाण्याने भिजवायच्या, दाबून भरायची आणि थापीने थापटायची. त्याहून बरं म्हणजे भेग तशीच ठेवून फलकावर तिची तारीख लिहायची. जे टिकणार नाही असं तुम्ही सांगताय, ते बघायला आलेल्या माणसापासून तेच लपवायचं हे मला पटत नाही.

शंका असेल तर बादलीभर पाणी घ्या. पूर्ण वाळलेलं निव्वळ मातीचं ढेकूळ त्यात सोडा. बुडबुडे येतात, कडा झडतात, पंधरा-वीस मिनिटांत तळाशी मऊ रबडी. फेव्हिकॉल कालवलेल्या मातीचं ढेकूळ तसंच राहतं, वर पांढरट बुळबुळीत साय धरतं. पहिली माती परत शेतात जाते किंवा पुढच्या कामाला येते. दुसरी कचऱ्यात. आमच्या भिंतीचा तो भाग कचऱ्यातच गेला. सिमेंट घातलं तरी तेच.

नाशवंत म्हणजे कसंही चालेल, ही समजूत गोव्यात तरी नसावी. चवथीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळापानांचं छत, बांधताना कवंडळ, कांगलां ही रानफळं, आंबाडे, सुपारीचा घोस केवणीच्या सालीच्या दोरीने किती जपून बांधतात ते प्रत्येकाने घरात पाहिलंय. थोड्या दिवसांत उतरवायची म्हणून गाठ कुणी सैल मारत नाही. आषाढात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो, म्हणजे चिखलातले खेळ, होतो, तिथे माणूस आणि भूमी यांचं नातं सांगायला फलक लागत नाही. आणि बाहेरचंच उदाहरण हवं असेल तर वॉल्टर डी मारिया या अमेरिकी कलाकाराने न्यूयॉर्कमध्ये 1977 साली एक अख्खं दालन 56 सेंटीमीटर खोल मातीने भरलं. ते आजही आहे, कारण त्या मातीला पाणी देतात, ती दाताळ्याने विंचरतात, उगवलेल्या अळंब्या काढतात. नुसती माती दाखवायलाही कायमची चाकरी लागते.

माती कुठली घ्यायची याबद्दल दोन गोष्टी. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातली, माती चिकट आणि सुंदर काळी असते, पण तिच्यात खार असतो. वाळताना तो पांढरा होऊन वर येतो आणि पृष्ठभाग सोलतो. तोच परिणाम हवा असेल तर जरूर घ्या, नको असेल तर भातशेतीची गोडी, बिनखारी माती घ्या. आणि रोयणीची, म्हणजे वारुळाची, माती चांगली बांधते म्हणून कुणी सुचवेल, तिला हात लावू नका. सातेरी देवीचं ठिकाण आहे ते. तांबडी माती पांढऱ्या भिंतीला लागली तर डाग निघत नाही, हेही आधी सांगून ठेवा.

पेंढा आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवून चुन्याच्या निवळीतून काढलात तर बुरशी बरीच कमी होते. माती चाळून उन्हात पसरा, नाहीतर वाळवी माडीच्या लाकडात शिरेल. चाळताना नाकाला फडकं हवंच. आणि हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत. जून ते सप्टेंबर गोव्यात जाड माती वाळतच नाही.

तुमच्या माडीबद्दल: वरच्या मापाची भिंत ओली असताना दीड टनाच्या वर भरते आणि तो सगळा भार अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर येतो. लाकडी तुळयांच्या जुन्या माडीवर ती घालूच नका, खाली चिऱ्यांच्या जमिनीवर किंवा बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, घाला. माडीच हवी असेल तर 30 बाय 30 सेंटीमीटरच्या, 3 सेंटीमीटर जाड कच्च्या फरश्या करा. एक साधारण 5 किलोची, वीस केल्यात तर 100 किलो, त्याही पसरून ठेवायच्या. आधी एका फरशीवर ओली असताना बरोबर 10 सेंटीमीटरची रेघ मारा, वाळल्यावर मोजा. 9.3 भरली तर आकस 7 टक्के, वाळू वाढवा.