इंदूरहून एकाच आठवड्यात देवासची मुंज, खंडव्याचं लग्न आणि उज्जैनची वास्तुशांत: ऑफिस सांभाळून गाडीने जमेल का?

जमेल. पण तिन्हीकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर राहायचा हट्ट धरलात तर नाही जमणार. तुम्ही लिहिलंय की साहेब एकच रजा देतायत आणि "खंडव्याला सीमांतपूजनाला नाही गेलो तर नातेवाईक काय म्हणतील?" या ओळीसाठी मी लिहायला बसले. काय म्हणतात ते मी ऐकलंय. अजूनही ऐकते.

थोरले दीर खंडव्याला असतात. त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं लग्न तिथेच होतं. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. लग्न 21 तारखेला, आणि 20 तारीख म्हणजे जीएसटीच्या 3बी या दर महिन्याच्या रिटर्नचा शेवटचा दिवस. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. हे बसने आधीच पुढे गेले होते. सीमांतपूजन 20 च्या संध्याकाळी, तेव्हा मी पोर्टल उघडायची वाट बघत कारखान्यात बसलेली. रिटर्न भरलं, घरी आले, आणि पहाटे आत्याबाईंना आणि अख्ख्या रुखवताला गाडीत घालून निघाले. हो, रुखवत माझ्याकडे. इंदूरला सगळं चांगलं मिळतं आणि गाडी तर येणारच आहे, म्हणून अनारसे, चिरोटे, बेसनाचे लाडू, सुपाऱ्यांची सप्तपदी आणि राजेंद्र नगरच्या एका काकूंनी केलेलं साखरेचं तुळशीवृंदावन, सगळं माझ्या माथी.

तेजाजी नगरहून सिमरोलपर्यंत काही वाटलं नाही. भेरूघाट उतरताना चढावर एका ट्रेलरचा पाटा तुटलेला, दोन्हीकडे रांगा. वैशाखातलं ऊन सकाळीच तापायला लागलं होतं. रांग हातभर सरके आणि थांबे. मी गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्येच ठेवली, ब्रेकला पाय लावायचा तो अगदी थांबतानाच, कारण मागच्या सीटवर आत्याबाई मांडीवर वृंदावन घेऊन बसलेल्या. एक जोराचा ब्रेक लागला असता तर त्याचं शिखर पुढच्या सीटवर आदळलं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी ते असं धरलं होतं की घाट संपून बडवाह येईपर्यंत पाण्याची बाटलीसुद्धा मलाच उघडून त्यांच्या तोंडाला लावावी लागली. मोरटक्क्याला नर्मदेच्या पुलावर त्यांनी हात न जोडताच, नुसती मान लववून नमस्कार केला.

अंतरपाट धरायच्या बऱ्याच आधी पोचलो. रुखवत मांडलं, वृंदावनाचा कणसुद्धा पडला नव्हता. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

त्यावर मांडवात काय ऐकलं? "सख्खी काकू, आणि सीमांतपूजनाला पाहुण्यासारखी गैरहजर." रात्री पंगती उठल्यावर दिरांनी फर्मावलं, उरलेल्या पाहुण्यांना घेऊन आत्ताच इंदूरला निघा, रात्री रस्ता मोकळा असतो. मी नाही म्हणाले. भेरूघाट मी रात्री चढत नाही, आणि पहाटे चारला उठलेल्या, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाने तर मुळीच चढू नये. रस्ता मोकळा असतो म्हणूनच ट्रक सुसाट येतात. पाहुणे सकाळी निघाले, माझी अर्धी रजा गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यात हा विषय निघतो.

तुमच्या आठवड्याबद्दल माझं मत असं. एकुलती रजा खंडव्यासाठी ठेवा. अंतर 130 किलोमीटरच्या आसपास, पण घाट आणि ट्रक धरून साडेतीन-चार तास हाताशी ठेवा. सीमांतपूजन सोडा. नवऱ्यामुलाचे पाय धुवायला तुमच्यावाचून अडत नाही, पण तुमचं ऑफिस अडतं. देवास तर 35-40 किलोमीटर. मुंज रविवारी असेल तर सकाळी लवकर जा, मातृभोजन आणि भिक्षावळ बघा, जेवा, टेकरीवर तुळजाभवानीचं दर्शन घेऊन संध्याकाळी घरी. उज्जैन 55 किलोमीटर, पण शनिवार-रविवारी आणि सोमवारी तो रस्ता वेगळाच असतो. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल मंदिराजवळचा 'महाकाल लोक' हा नवा परिसर झाल्यापासून गर्दी फार वाढली आहे. वास्तुशांत शनिवारी असेल तर पहाटे सहाला इंदूर सोडा, नाहीतर पूर्णाहुती फोनवर बघावी लागेल.

आमच्या सासूबाई खंडव्याला छोट्या लाईनीने, म्हणजे मीटरगेज रेल्वेने जायच्या. पाताळपाणी, मग कालाकुंडला पळसाच्या पानातला कलाकंद. डब्यात सगळं गणगोत एकत्र, चालवणारा इंजिनात. आता ब्रॉडगेजच्या कामासाठी ती खंडव्याची गाडी बंद झाली आणि सगळा भार गाडीवाल्या नातेवाइकावर आला. म्हणून स्पष्ट लिहिते: गाडी ज्याची आणि चालवणारा जो, निघायची वेळ त्याने ठरवायची. लग्नघरात वयाने, मानाने कुणी कितीही मोठा असो, स्टिअरिंगमागे झोपाळलेल्या माणसाला "निघ" म्हणायचा हक्क त्याला नाही. आमच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनीही वाचावं.

अर्थात लग्न तुमच्या सख्ख्या बहिणीचं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि साहेबांशी भांडून दुसरी रजा घ्या. आणि खंडवा रस्त्याचं चौपदरीकरण आणि बोगद्यांची कामं यामुळे वळणं बदलत गेली आहेत, तेव्हा निघण्याआधी त्या बाजूने नुकत्याच आलेल्या कुणाला तरी फोन करा. श्रावणातलं कार्य असेल तर कावडयात्रेमुळे जड वाहनं वळवतात, तेही विचारून घ्या. बरोबर लहान मुलं असतील तर घाटाआधी पोहे-जिलेबी देऊ नका. ओवा जवळ ठेवा, बडवाहला उतरल्यावर चिवडा खाऊ दे.