जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द का उमगत नाहीत?

परभणीकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हंगामभर यंत्रांशेजारी उभ्या राहणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची आहे, आणि तिचे मूळ सहसा कानाच्या पडद्यात नसून बरेच आत असते. पडदा थरथरला की हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे (रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातील सर्वांत लहान) तो कंप, दाब सुमारे २० पटींनी वाढवून, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्या कॉक्लियातील (आतल्या कानातील ऐकण्याच्या अवयवातील) द्रवात पोहोचवतात. तेथील केसपेशी त्याचे विद्युत संदेशात रूपांतर करून मेंदूकडे धाडतात. कॉक्लियाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, टोकाकडच्या खालचे. सततच्या गोंगाटाने ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच स्वर टिपणाऱ्या पेशी सहसा आधी मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. बोलण्यातल्या ‘आ’, ‘ओ’ यांसारख्या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असल्याने हाक कळते. मात्र ‘स’, ‘फ’ यांसारखी उंच पट्टीतली व्यंजने निसटतात आणि ‘सात’ की ‘हात’ हेच समजेनासे होते.

कानात तेल घालण्याचा येथे काडीचाही उपयोग नाही. पडद्याला छिद्र असल्यास अपायच होतो. ८५ डेसिबलच्या गोंगाटात आठ तास उभे राहायचे असल्यास इअरप्लग वापरावेत, कारण कापसाचा बोळा पुरत नाही, आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची क्षमता मोजणारी) तपासणी लवकर करून घ्यावी.