सव्वानऊनंतर गर्दी ओसरते की तुंबते?

गर्दीच्या मोजणीच्या तुमच्या तक्त्यातली एक ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. स्टेशनच्या पादचारी पुलाचा जिना, पंधरा-पंधरा मिनिटांची मोजणी, 9 ते 9.15 चा आकडा सर्वांत मोठा, 9.15 ते 9.30 चा उतरलेला, आणि पुढे शेरा: 'पीक (म्हणजे गर्दीचा कळस) ओसरू लागते.' किती दिवस मोजलं तर पुरेल आणि सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. त्याकडे येतो, पण आधी तो शेरा खोडा. पेन्सिलनेच, कारण तुमचा पूल मी पाहिलेला नाही. तिथे खरंच ओसरत असेलही.

हाच शेरा मी 2014 साली लिहिला होता. एम. प्लॅनचा (नगरनियोजनातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध, मुंबईच्या उपनगरातलं एक स्टेशन, हातात टॅली काउंटर, म्हणजे बटण दाबून डोकी मोजायचं यंत्र. जिन्याच्या वरच्या टोकाला रेलिंगला पाठ टेकून तीन आठवडे उभा राहिलो. माणूस वर आला की टिक. आलेख देखणा आला, गाईड खूश. शेवटच्या ज्युरीत, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं त्या उतरलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "सव्वानऊला काय होतं?" मी म्हटलं, गर्दी कमी होते. "तुम्ही तिथेच उभे होतात ना? त्या वेळी खिशात हात घालता येत होता?"

नव्हता येत. रोज त्याच पंधरा मिनिटांत मला सॅक पाठीवरून पोटावर घ्यावी लागायची, आणि कागदावर मात्र मी गर्दी कमी झाल्याचं लिहीत होतो.

जिन्याच्या टोकाशी आपण मोजतो तो प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती जण पार झाले ते. खाली किती दाटी आहे हे त्यातून कळत नाही. माणसं वाढतात तसा आधी प्रवाह वाढतो, पण एका हद्दीनंतर चाल इतकी मंदावते की दाटी वाढूनही पार होणारे कमी होतात. वाइडमन या पादचाऱ्यांच्या अभ्यासकाने 1993 मध्ये एकत्र केलेल्या आकड्यांत सपाट जमिनीवरची मोकळी चाल सेकंदाला 1.34 मीटर आहे. सर्वाधिक प्रवाह चौरस मीटरला पावणेदोन माणसांच्या आसपास मिळतो आणि 5.4 ला सगळं थांबतं. म्हणजे एकच आकडा अर्ध्या रिकाम्या जिन्यावरही येतो आणि गच्च भरलेल्यावरही. मोरी तुंबली की पाईपातून पाणी कमी पडतं, म्हणून घरात पाणी कमी वापरलं असं कोणी म्हणत नाही. मी तीन आठवडे तेच म्हणत होतो.

आणि ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. दाटी त्या वेळी टिपली नसेल तर आकड्यांतून ती मागाहून काढता येत नाही. तीन आठवड्यांची वही रद्दी झाली, एक सेमिस्टर गेलं.

पुन्हा करायचं तर वरून व्हिडिओ हवा होता आणि त्यासाठी परवानगी. ज्या कार्यालयात ती मागितली त्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या खेपेला म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा. आणलं. मग पत्रावर विभागप्रमुखांची नको, प्राचार्यांची सही हवी. तीही आणली. मग साहेब मीटिंगला. मग अर्जच सापडेना, कारण मी पोच घेतली नव्हती. (पोच घ्या! आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.) 'गर्दीचा अभ्यास' हे शब्दच त्यांना झोंबत असावेत, असा माझा संशय आहे. पुढे एका मित्राने 'प्रवासी सुविधा' असा विषय लिहिला आणि त्याचा कागद हलला. यावरून काय समजायचं ते समजा.

शेवटी कॅमेऱ्याशिवाय केलं, आणि खरं सांगायचं तर तेच बरं झालं. तिघं जण लागतात. एक वरच्या टोकाला, टिक-टिक. दुसरा फलाटावर, दर मिनिटाला रांगेचं शेपूट कुठल्या खांबापर्यंत गेलं ते लिहिणारा. तिसरा गाडी प्रत्यक्ष लागल्याची वेळ टिपणारा. टाइमटेबलमधली नव्हे! पंधरा मिनिटांची बेरीज उपनगरी स्टेशनवर निरुपयोगी आहे, कारण माणसं सलग येत नाहीत, लोकलच्या लाटेने येतात. एक लाट जिन्यावरून निघायच्या आत दुसरी लोकल लागली की तुंबायला सुरुवात. हे फक्त मिनिटा-मिनिटाच्या तक्त्यात दिसतं. दाटीसाठी जिन्याची रुंदी आणि पायरीची खोली मोजून ठेवा आणि ठरावीक पाच पायऱ्यांवरची डोकी मोजा. टेप घेऊन रविवारी दुपारी जा, शक्यतो मेगाब्लॉक नसताना.

आणखी एक रकाना ठेवा, जो माझ्याकडे दोन्ही वेळा नव्हता: थांबलेली माणसं. इंडिकेटर बघणारी, फोनवर बोलणारी, छत्री उघडणारी. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. बाहेर पाऊस होता, लोक छपराखाली थांबले होते आणि मागून गाड्यांमधून माणसं येतच राहिली. त्या रात्री मी माझी जुनी वही काढली. पावसाच्या दिवशी मी मोजणीला गेलोच नव्हतो. 'प्रातिनिधिक नाही' म्हणून.

तर किती दिवस? माझ्या मते तीन आठवड्यांची डोकेमोजणी नको. मंगळवार ते गुरुवार आणि एक पावसाचा दिवस, पण वर सांगितल्यासारखे. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, तुमचे गाईड वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका, मार्क ते देणार आहेत.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत जरा कडवट आहे. जर्मनीतल्या युलिख संशोधन केंद्राची माणसं विकसित करतात ते 'जुपेडसिम' (पादचाऱ्यांची हालचाल संगणकावर उभी करणारं) फुकट आहे, तुमच्या कामाला पुरेल. पण स्क्रीनवर ठिपके पळवायच्या आधी आत घातलेले आकडे कुठल्या माणसांचे आहेत ते बघा. 2009 मध्ये चट्टराज, सायफ्रीड आणि चक्रवर्ती यांनी एका रांगेत चालणारे भारतीय आणि जर्मन ताडून पाहिले, तेव्हा दाटी वाढली तरी आपल्याकडच्यांची चाल तितकी पडत नाही असं दिसलं. एका माणसाला लागणारी जागा म्हणून फ्रुइन या अभ्यासकाने धरलेलं 45 बाय 60 सेंटीमीटरचं लंबवर्तुळही अमेरिकेतलं, त्यात आपली पोटावरची सॅक आणि डब्याची पिशवी बसवून बघा.

(अवांतर: टॅली काउंटर घ्यायचा तर लोखंडी घ्या. प्लास्टिकवाल्याचं बटण माझ्याकडे चौथ्या दिवशी अडकलं होतं आणि ते लक्षात यायला तासभर गेला.)

जिन्याचा एखादा फोटो असेल तर टाका, मुख्यतः खालचा भाग, फलाटाला मिळतो तिथला. तिथे स्टॉल आहे का? असेल तर रुंदी पुन्हा मोजावी लागेल.