नाशिकच्या हॉस्पिटलमधून घरी सोडताना आमच्या वणीच्या डॉक्टरांना कळवतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, परवा सोडणार आहेत, त्यांना शुगर आणि बीपी आहे आणि वणीचे फॅमिली डॉक्टर पुढचं बघणार आहेत. हॉस्पिटल त्यांना स्वतःहून कळवेल का? बहुतेक नाही. हे काम तुम्हालाच करावं लागेल. परवा बिलाच्या खिडकीवर रांग असेल, म्हणून आजच सुरुवात करा.

मी सिन्नरला जनरल प्रॅक्टिस करतो. नाशिकला मुंबई नाक्याच्या आसपास अॅडमिट होऊन आलेले पेशंट माझ्याकडे येतात ते प्लास्टिकची पिशवी घेऊन. तिच्यात फाइल, सीडी आणि अर्ध्या संपलेल्या स्ट्रिप्स. हॉस्पिटलमधून आधी फोन आलाय असं क्वचित घडतं. कोणी मुद्दाम करत नाही हे. डिस्चार्ज कार्ड लिहितो आरएमओ, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, आणि तेव्हा टीपीएची, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीची, मंजुरी अडकलेली असते, बेडसाठी खाली दुसरा पेशंट थांबलेला असतो. मग ते कार्ड विमा कंपनीला पटेल असं लिहिलं जातं. बाहेरच्या देशांतही फार आनंद नाही. 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली आलेल्या आढाव्यात, डिस्चार्जनंतरच्या पहिल्या भेटीला फॅमिली डॉक्टरकडे डिस्चार्ज समरी (आपल्या डिस्चार्ज कार्डासारखा कागद) पोहोचलेली असण्याचं प्रमाण १२ ते ३४ टक्के होतं. आपल्याकडे कार्ड पेशंटच्याच हातात देतात, त्यामुळे कागद पोहोचतो तरी. अडतं ते कागदात काय लिहिलंय त्यावर.

कुठल्या रक्तवाहिनीत कोणता स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) घातला, इको (हृदयाची सोनोग्राफी) काय म्हणतो, हे सगळं त्यात नीट असतं. मला मात्र आधी बघायचं असतं की मी आधी दिलेल्या गोळ्यांचं काय केलं. तुमच्या वडिलांची शुगरची गोळी मेटफॉर्मिन चालू असेल तर अँजिओग्राफीच्या डायमुळे (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या औषधामुळे), विशेषतः किडनी थोडी कमजोर असेल तर, ती थांबवतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पुन्हा करून मग सुरू करायची असते. कार्डावर मात्र ती नुसती गायब असते. आता मी काय समजायचं? बंद केली, बदलली, की लिहायची राहिली? याच्या उलटही होतं. बीपीची तीच गोळी हॉस्पिटलने दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहिलेली असते, घरच्या डब्यात जुनी असतेच, आणि पेशंट इमानदारीने दोन्ही घेतो.

म्हणून उद्या राउंडच्या वेळी, शक्य झालं तर कन्सल्टंटसमोरच, वडिलांच्या आधीच्या गोळ्यांची यादी पुढे करा आणि प्रत्येकीसमोर 'चालू', 'बंद' किंवा 'अमुक तपासणीनंतर सुरू' असं लिहून मागा. स्टेंटसाठीच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कधीपर्यंत, तेही लिहून घ्या. हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसला असेल तर दोन्ही साधारण १२ महिने चालतात, पण तुमच्या वडिलांचा काळ त्यांचेच डॉक्टर ठरवतील. कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे आणि तो कोणाला मिळणार, हेही विचारा. सोडल्यानंतर आलेला रिपोर्ट वॉर्डातच पडून राहतो, असा माझा अनुभव आहे.

वणीच्या डॉक्टरांचं नाव आणि मोबाइल नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहायला लावा आणि आरएमओंना दोन मिनिटं फोन करायची विनंती करा. तुमचे डॉक्टर बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतील तर काही हॉस्पिटलं जरा हात आखडता घेतात. मला ते पटत नाही. रात्री अकराला वडिलांना घाम फुटला तर दारात तेच उभे राहणार आहेत. फोन जमलाच नाही तर कार्डाचा स्वच्छ फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र) असेल तर चांगलंच, पण तुमचे डॉक्टर ते वापरत नसतील तर परवा त्याचा काही उपयोग नाही.

केस पेपरची प्रत मागायला संकोच करू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार, मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. अँजिओग्राफीची सीडी मात्र निघतानाच घ्या.

घरी पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत वडिलांना घेऊनच डॉक्टरांकडे जा, नुसती फाइल घेऊन नको. घरातला गोळ्यांचा डबाही न्या आणि बंद झालेल्या स्ट्रिप्स तिथेच बाजूला काढून घ्या. गुडघे किंवा कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा मेडिकलमधून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ देऊ नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या दोन गोळ्यांबरोबर हे घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. संडास डांबरासारखी काळी झाली किंवा छातीत पुन्हा दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. स्टेंटची गोळी थांबवायला कोणीही सांगितलं, अगदी दात काढणाऱ्या डॉक्टरांनी जरी, तरी आधी कार्डिऑलॉजिस्टना फोन करा.