टिश्यूची केळी आणि पुण्याची सून

प्रश्न : सर, आमची तीन हजार खोडं केळी आहे, सगळी टिश्यूची, जी-नाइन वाणाची. पुण्याची सून सुटीत आली होती. नातवाच्या हातात केळ दिलं तर म्हणाली, "आई, ही टिश्यूकल्चरची म्हणजे जीएम ना? बाळाला नको." मला उत्तर देता आलं नाही. खरं काय?
(एक वाचक भगिनी, ता. रावेर)

उत्तर : ताई, नातवाला केळ खुशाल द्या. टिश्यूकल्चर म्हणजे जीएम, म्हणजे बाहेरून जनुक घातलेलं पीक, नव्हे.

तुमच्या सासूबाई खोडाशेजारचा मुनवा खणून नव्या खड्ड्यात लावत होत्या ना? प्रयोगशाळा तेच करते. आपल्या केळीला बी धरत नाही. गरातले काळे ठिपके ही न वाढलेल्या बियांची खूण. म्हणजे बसराई असो की श्रीमंती, प्रत्येक झाड आधीच्या झाडाची नक्कलच. प्रयोगशाळेत मुनव्याच्या कंदातला वाढता कोंब काढतात, निर्जंतुक करतात आणि बाटलीत साखर, क्षार, संप्रेरकं घातलेल्या खळीवर ठेवतात. त्याला बाजूने कोंब फुटतात, ते तोडून पुन्हा नव्या बाटलीत. असं करत एका मुनव्याची शेकडो रोपं होतात. बाहेरचं जनुक कोणी आत घालत नाही.

जीएमची गोष्ट निराळी. गुलाबाच्या खोडावर जमिनीलगत कधी खडबडीत गाठ दिसते. ती अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूची करामत. तो आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. मग झाड त्याच्यासाठी गाठही वाढवतं आणि त्याचं जेवणही बनवतं. घरजावईच! शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातली गाठ करणारी जनुकं काढली आणि हवं ते जनुक बसवलं. १९८३ मध्ये तंबाखूत हे साधलं. दुसरी रीत बंदुकीची : सोन्याच्या बारीक कणांवर डीएनए चढवून पेशींवर मारायचे.

पण जनुक शिरलेल्या पेशीचं झाड करायला पुन्हा तीच बाटली लागते. सूनबाईंचा गोंधळ इथूनच आला असणार. चुलीवर भाकरीही होते आणि मटणही, चूल तीच.

जीएम केळी जगात आहे. पनामा मर रोगाला तोंड देणाऱ्या एका केळीला ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात रानकेळीचं जनुक आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला पेरता येणारं जीएम पीक अजून एकच, २००२ पासूनची बीटी कपाशी, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे बोंडअळी मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारी. सूनबाईंना हळूच विचारा, फरसाण कोणत्या तेलात तळलेलं असतं? बऱ्याचदा सरकीच्या. (घाबरवू मात्र नका, शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही.)

बीटीचा मी ना भक्त ना वैरी. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या, हे खरं. २०१७ साली माझ्या चार एकरांत बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी, हेही खरं. ती बीटीला सरावली होती. बियाण्यासोबत बिगर-बीटीची छोटी पिशवी यायची, कडेने लावायला, म्हणजे अळीला साधी कपाशी मिळावी आणि ती बीटीला इतक्या लवकर सरावू नये. आमच्या शिवारात ती कोणी लावली नाही. मीही नाही.

टिश्यूच्या रोपांबद्दल खरा प्रश्न वेगळाच : मातृझाड विषाणूमुक्त होतं का? रोगट मुनव्यापासून शेकडो रोगट रोपं होतात. एका वर्षी मी स्वस्तातली रोपं आणली. दोन महिन्यांत पानांवर पिवळे पट्टे, हरण्या रोग (काकडीवरही येणारा विषाणू). सहाशे खोडं उपटून जाळली. अर्थात बांधापलीकडे काकडी होती आणि हरण्या मावाही पसरवतो, त्यामुळे सगळा दोष रोपांना देत नाही. पुढच्या वेळी रोपांसोबत विषाणू तपासणीचं प्रमाणपत्र मागा.

प्रश्न : भरीताची वांगी बीटी असतात का?
(एक वाचक, यावल)

उत्तर : नाही. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. बांगलादेशात मात्र ते २०१४ पासून पिकतं. तेव्हा बामणोदचं वांगं निर्धास्त भाजा. ज्या कपाशीच्या काड्यांवर ते भाजाल, त्या तेवढ्या बीटीच्या असतील.