मधुमेहामुळे आईच्या पायांची आग होते. ॲक्युपंक्चरने बरं होईल का, आणि किती बैठका लागतात?

बैठकांचं शेवटी सांगते. आधी माझ्या टाचेचं ऐका.

तीन वर्षांपूर्वी माझी हीच गत होती. रात्री पांघरूण पायाला लागलं तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. गार फरशीवर तळवे टेकवून, पलंगाच्या कडेला बसून किती रात्री काढल्या. माझ्या दिरांना तेव्हा कुणी सुयावाले भेटले होते. मग काय, "वहिनी, गोळ्या म्हणजे विष. सुया घेऊन तर बघा." गेले.

सुया अगदी बारीक, पाव मिलिमीटर जाडीच्या. एक गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला, एक घोट्याच्या वर आतल्या बाजूला, काही पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. दोन सुयांना वायर लावून हलका करंटही द्यायचे. गुडघ्याखालची सुई फिरवली की आत जड कळ जायची. बोटांतल्या सुया मात्र कधी घुसल्या ते कळायचंच नाही. मी घरी येऊन कौतुक करायची, काय हलका हात आहे!

हलका हात कसला, पायच बधिर झाला होता. हे कळलं सहाव्या बैठकीनंतर. रात्री मोजा काढला तर टाचेकडे रक्ताचा डाग, आणि टाचेत टाचणी. किती वेळ तिच्यावर चालले होते देव जाणे. दुसऱ्या दिवशी फिजिशियनकडे गेले. ते म्हणाले, डोळे मिटा आणि पायाला काही लागलं की हो म्हणा. मी आपली वाट बघत बसले. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, सुरू करा ना." ते म्हणाले, "चार ठिकाणी टेकवून झालं." नायलॉनचा एक जाड धागा असतो, तो वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा दाब पडतो. तेवढाही दाब कळत नसेल तर उद्या जखम चिघळली तरी कळणार नाही. आईची ही तपासणी झाली आहे का? नसेल तर सुयांआधी ती करा.

दिरांशी माझं वाजतं ते इथेच. आग कमी झाली, खोटं कशाला बोलू. ते म्हणतात, सुयांनी. पण त्याच महिन्यात माझं बी12 जीवनसत्त्व कमी निघालं (मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आईचंही बघून घ्या), त्याची इंजेक्शनं सुरू झाली. नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन ही रात्रीची गोळीही सुरू झाली. शिवाय नस पुरती गेली की आगसुद्धा थांबते, हे कुणी सांगत नाही. आता श्रेय कुणाला द्यायचं? भाऊजींचं ठरलेलं: "वहिनी, मुळापासून गेलं." अहो, मूळ साखरेत आहे! 1993 साली जाहीर झालेल्या डीसीसीटी या मधुमेहावरच्या अभ्यासात, साखर कडक ताब्यात ठेवणाऱ्या टाइप 1 रुग्णांत न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचं हे दुखणं, सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळली. टाइप 2 मध्ये फायदा इतका ठळक दिसत नाही, तरी मूळ तेच.

सुयांवर अभ्यास झालेत, काहींत दुखणं कमी झालेलं दिसतं. पण बरेचसे छोटे आहेत, आणि खोट्या सुया टोचूनही लोकांना बरं वाटतं. म्हणून माझं मत: गोळ्या आणि साखर सांभाळून, वर जोड म्हणून घ्यायच्या तर घ्या. "गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्याकडून मात्र तिथल्या तिथे उठून या. प्रीगॅबालिन तर एकदम सोडायचीच नसते.

आणि हो, सुया पाकिटातून समोर फोडलेल्या, एकदाच वापरायच्या असाव्यात. पायाला जखम असेल तर नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुया लावून वर शेकायला दिवा लावतात, तो बधिर पायावर अजिबात लावू देऊ नका. भाजलेलं कळत नाही.

बैठका मी दहा घेतल्या. ज्या दिवशी सुया असत त्या रात्री झोप बरी लागायची. हे मी दिरांना अजून सांगितलेलं नाही.